मालिकेचा करार आणि स्वतःची निर्मितीसंस्था : पियर्स ब्रॉस्ननच्या कारकिर्दीतून काय घ्यावं

प्रश्न : मी एका मराठी मालिकेत प्रमुख भूमिका करतो. करारात असं कलम आहे की मालिका थांबल्यावरही काही काळ मी निर्मात्यांना विचारल्याशिवाय दुसरं काम घ्यायचं नाही. दुसरीकडे मित्र म्हणतात, नाव आहे तोवर स्वतःची निर्मितीसंस्था काढ, हॉलिवूडचा नट पियर्स ब्रॉस्ननने जेम्स बॉण्ड असतानाच काढली होती. या दोन्ही बाबतींत त्याचं उदाहरण घेण्यासारखं आहे का?

उत्तर : आहे, आणि तुमच्या मित्रांना वाटतं त्यापेक्षा जास्त. ब्रॉस्ननने बॉण्ड असताना संस्था काढली एवढंच त्यांच्या लक्षात आहे. पण त्याआधी दहा वर्षं, एका टीव्ही मालिकेच्या करारानेच त्याच्या हातातला बॉण्ड काढून घेतला होता. तुमचा पहिला प्रश्न नेमका तिथला आहे. मी मराठी चित्रपट आणि मालिकांच्या निर्मितीत, मुख्यतः कलाकारांचे करार आणि तारखा या बाजूने काम करत आलो आहे. या धंद्यात कलाकाराचं नशीब म्हणून जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं कुठल्या तरी कागदावरच्या कलमात लिहिलेलं असतं असं माझं ठाम मत आहे. ते पटवून द्यायला ब्रॉस्ननइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

आधी माणूस कुठून आला ते थोडक्यात. जन्म 16 मे 1953, आयर्लंडमधल्या ड्रॉइडा गावात. वाढला जवळच्या नॅव्हन गावी, काउंटी मीथमध्ये. वडील सुतारकाम करायचे. पोरगं तान्हं असतानाच ते घर सोडून गेले. आई नर्सिंगचं शिक्षण घ्यायला लंडनला गेली आणि मुलगा आजी-आजोबांकडे राहिला. ते वारल्यावर तो नातेवाइकांकडे आणि मग परक्यांच्या घरी वाढला. 1964 साली, अकरा वर्षांचा असताना, तो लंडनला आईकडे गेला. सोळाव्या वर्षी शाळा सुटली. जाहिरातींसाठी चित्रं काढण्याचं काम शिकला, तोंडातून जाळ काढण्याचा खेळ शिकला, मग नाटकाची गोडी लागून ड्रामा सेंटर लंडनमध्ये तीन वर्षं रीतसर शिकला. पुढे यॉर्कच्या थिएटर रॉयलमध्ये साहाय्यक रंगमंच व्यवस्थापक, म्हणजे आपल्याकडे ज्याला बॅकस्टेज म्हणतात ते काम. 1977 मध्ये टेनेसी विल्यम्स या मोठ्या नाटककाराने आपल्या नाटकाच्या लंडनच्या प्रयोगासाठी त्याची निवड केली. तोपर्यंतचा प्रवास आपल्याकडच्या कुठल्याही प्रायोगिक रंगभूमीवरच्या मुलाचा असावा तसाच आहे.

पुढे तो पत्नी कॅसान्ड्रा हॅरिससोबत अमेरिकेला गेला आणि 1982 साली एनबीसी वाहिनीवर 'रेमिंग्टन स्टील' सुरू झाली. मालिकेची कल्पना छान होती. लॉरा होल्ट ही हुशार खासगी गुप्तहेर, पण बाई म्हणून तिला कोणी काम देत नाही. म्हणून ती रेमिंग्टन स्टील नावाचा एक काल्पनिक साहेब उभा करते. मग एक देखणा भामटा येतो आणि ते रिकामं नाव अंगावर चढवून खुर्चीत बसतो. तो ब्रॉस्नन. चार पर्वं मालिका चालली आणि तो अमेरिकेत घराघरांत पोहोचला.

1986 च्या उन्हाळ्यात काय झालं ते मात्र सावकाश वाचा, कारण तुमच्यासाठी सगळं इथेच आहे.

मे महिन्यात एनबीसीने मालिका बंद केली. त्याच वेळी बॉण्डपटांचे निर्माते रॉजर मूरनंतरचा बॉण्ड शोधत होते. निर्माता ब्रॉकली ब्रॉस्ननला आधीपासून ओळखत होता. 1981 च्या 'फॉर युअर आइज ओन्ली' या बॉण्डपटात कॅसान्ड्राने काम केलं होतं, त्या निमित्ताने ब्रॉस्नन सेटवर आला होता. आता त्याला बॉण्डची भूमिका देऊ केली गेली. मालिका बंद, कलाकार मोकळा, असं सगळ्यांनी धरलं. पण कराराप्रमाणे तो मोकळा नव्हता. मालिका थांबल्याचं जाहीर झाल्यावरही साठ दिवसांपर्यंत निर्णय फिरवून नवीन भाग मागवण्याचा हक्क दुसऱ्या बाजूकडे होता. हा पुढचा बॉण्ड, अशी त्याची बातमी सगळीकडे झाल्यावर मालिकेच्या पुनर्प्रक्षेपणाचे प्रेक्षक वाढले. ज्या माणसाला आपण सोडला त्याची किंमत अचानक वाढलेली वाहिनीला दिसली. मुदत संपता संपता एनबीसीने तो हक्क वापरला आणि मालिका पुन्हा सुरू केली. दर आठवड्याला टीव्हीवर फुकट दिसणारा चेहरा ब्रॉकलीला बॉण्ड म्हणून नको होता. भूमिका टिमथी डाल्टनला गेली.

त्या हक्काच्या बदल्यात वाहिनीने शेवटी किती काम काढलं? फक्त सहा तासांचं. 1987 च्या सुरुवातीला ते दाखवलं आणि मालिका कायमची मिटली. लॉरा होल्ट करणारी स्टेफनी झिम्बलिस्टही यात अडकली. तिने 'रोबोकॉप' हा चित्रपट स्वीकारला होता, तो तिला सोडावा लागला. एका कलमाने दोघांचे चित्रपट गेले. ब्रॉस्नन तेव्हा तेहतीस वर्षांचा होता. बॉण्ड म्हणून पडद्यावर यायला त्याला बेचाळीस व्हावं लागलं.

वाहिनीने काही बेकायदा केलं नाही हे लक्षात घ्या. कागदावर लिहिलं होतं, त्याखाली त्याची सही होती. 1982 साली, अमेरिकेत नवखा असताना, ती सही करण्यावाचून त्याच्याकडे फारसा पर्यायही नसणार. म्हणून मी त्याला किंवा तुम्हाला 'सही करायला नको होती' असं म्हणणार नाही. नवख्याला ते कलम काढून टाकता येत नाही. पण ते कलम कोणत्या तारखेला मरतं हे माहीत असणं, आणि त्या तारखेपर्यंत तोंड बंद ठेवणं, हे नवख्याच्याही हातात असतं. बातमी साठ दिवसांनंतर फुटली असती तर पुढची आठ-नऊ वर्षं वेगळी गेली असती असं मला वाटतं. आपल्याकडेही कलाकार चित्रपट मिळाल्याचा फोटो समाजमाध्यमांवर टाकतात आणि दुसऱ्या दिवशी मालिकेच्या निर्मात्याकडून तारखांचा फोन येतो. हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आता तुमच्या कलमाचं. इथे भारतीय कायदा आणि ब्रॉस्ननची गोष्ट यांतला फरक समजून घ्यायला हवा. तुमच्या प्रश्नातल्या शब्दांवरून मला दोन शक्यता दिसतात. पहिली अशी की करार संपला आहे, तरीही त्यानंतर काही महिने दुसरीकडे काम करायचं नाही असं बंधन आहे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 प्रमाणे माणसाला आपला धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो, आणि मुदत संपल्यानंतरची अशी बंधनं आपली न्यायालयं सहसा मानत नाहीत. यातला गाजलेला निकाल आपल्या श्रीरामपूरच्या झहीर खानचा आहे. पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी त्याचा जाहिरातींचा करार होता. करार संपल्यावरही बाहेरून प्रस्ताव आला तर तो आधी कंपनीला कळवून तिला बरोबरीची संधी द्यायची, अशी अट त्यात होती. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट मुदतीनंतर लागू करायला नकार दिला. कलाकारांचे करार वाचणाऱ्या प्रत्येकाने हा निकाल वाचायला हवा.

दुसरी शक्यता जास्त धोक्याची. करार संपलेलाच नाही, मालिका फक्त थांबली आहे, आणि मुदत वाढवण्याचा हक्क दुसऱ्या बाजूकडे आहे. ब्रॉस्ननचं हेच होतं. हक्क वापरला गेला की करार चालूच राहतो, आणि करार चालू असतानाची बंधनं आपल्या न्यायालयांतही टिकतात. कलम 27 तिथे तुम्हाला सहज वाचवणार नाही. म्हणून कलम वाचताना 'मालिका संपल्यावर' असं लिहिलंय की 'करार संपल्यावर', हे बोट ठेवून पाहा. त्यात मुदतवाढ लेखी कळवायची आहे का, किती दिवसांत, आणि त्या थांबलेल्या काळाचं मानधन मिळणार का, हेही शोधा. मानधन न देता बांधून ठेवायचं असेल तर तिथे वाटाघाटीला भरपूर जागा असते. चित्रपट आणि नाटक यांच्यासाठी लेखी सूट मागा. नाटकाचे प्रयोग शनिवार-रविवारचे असतात, त्याला निर्माते सहसा फार ताणत नाहीत. कागद मात्र चित्रपटांचा आणि मालिकांचा अनुभव असलेल्या वकिलाला दाखवा. घरच्या ओळखीतला, जमिनीचे व्यवहार करणारा वकील या कामाचा नव्हे.

ब्रॉस्ननकडे परत येतो. बॉण्ड गेल्यानंतरची वर्षं त्याने मिळेल ते काम करत काढली. त्यातला एक चित्रपट तर आपल्याकडचाच म्हणावा असा आहे. 1988 चा 'द डिसीव्हर्स' हा ठगांवरचा चित्रपट भारतात चित्रित झाला. निर्माता मुंबईत जन्मलेला इस्माईल मर्चंट, आणि सोबत शशी कपूर, सईद जाफरी. चित्रपट चालला नाही. 1991 च्या डिसेंबरात कॅसान्ड्रा कर्करोगाने गेली. मुलं पदरात होती. 1993 च्या 'मिसेस डाउटफायर'मध्ये तो नायकाच्या घटस्फोटित बायकोचा नवा मित्र झाला, म्हणजे दुय्यम भूमिका. तिकडे बॉण्डपटांची मालिकाच कोर्टकज्ज्यांमुळे 1989 नंतर ठप्प झाली होती. 1994 मध्ये डाल्टन बाजूला झाला आणि ब्रॉस्ननचं नाव जाहीर झालं. 1995 च्या 'गोल्डनआय'ने जगभरात 35 कोटी डॉलरच्या वर गल्ला केला.

आणि पुढच्याच वर्षी, 1996 मध्ये, त्याने ब्यू सेंट क्लेअर या निर्मातीबरोबर 'आयरिश ड्रीमटाइम' ही संस्था काढली.

तुमचे मित्र इथूनच सांगायला सुरुवात करतात. त्यांचं बरोबर आहे, पण वेळ साधली एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. बॉण्डचा करार हासुद्धा बांधणाराच होता. दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात पूर्ण टक्सिडो, म्हणजे मेजवानीचा औपचारिक सूट, घालायचा नाही, असं त्यात बंधन होतं असं सर्वत्र नोंदलेलं आहे. त्याच्या संस्थेच्या 'द थॉमस क्राउन अफेअर' या चित्रपटातला नाचाच्या मेजवानीचा प्रसंग पाहा. सगळे पुरुष कडक पोशाखात आणि हा मात्र शर्टाची वरची बटणं उघडी टाकून फिरतो. पाहणाऱ्याला तो त्या श्रीमंत माणसाचा बेफिकीरपणा वाटतो आणि भूमिकेला शोभतोही. पण त्यामागे एक कलम होतं. अडचण लपवत न बसता तिची व्यक्तिरेखा करून टाकली, हे मला निर्मात्याचं डोकं वाटतं.

संस्थेचा पहिला चित्रपट मात्र हा नव्हता. पहिला होता 1998 चा 'द नेफ्यू'. आयर्लंडमधल्या एका बेटावरची कथा, आईच्या अस्थी घेऊन अमेरिकेतून आलेला कृष्णवर्णीय भाचा आणि त्याचा हट्टी आयरिश मामा. त्यात ब्रॉस्नन नायकही नाही, गावातल्या पबचा मालक आहे. जगातला सर्वांत ओळखीचा चेहरा आपल्या संस्थेच्या पहिल्या चित्रपटात दुय्यम भूमिकेत उभा राहतो आणि मोठ्या भूमिका डोनल मकॅनसारख्या आयरिश रंगभूमीवरच्या नटांकडे जातात. चित्रपट फारसा कुणी पाहिला नाही. पण संस्था छोट्या, आपल्या आवाक्यातल्या चित्रपटावर हात बसवून मग पुढे गेली.

1999 चा 'थॉमस क्राउन' हा दुसऱ्या टोकाचा. 1968 मध्ये स्टीव्ह मॅक्वीन आणि फे डनवे यांनी केलेल्या चित्रपटाची ही नवी आवृत्ती. जुन्यात बँक लुटली जाते, नव्यात संग्रहालयातून चित्रकार मोनेचं चित्र चोरीला जातं. दिग्दर्शक जॉन मक्टिअर्नन, नायिका रेने रूसो, आणि स्टुडिओ एमजीएम, म्हणजे बॉण्डपटांचाच. सुमारे 4 कोटी 80 लाख डॉलरचा खर्च, 12 कोटी डॉलरच्या वर गल्ला. निर्माते म्हणून नावं ब्रॉस्नन आणि सेंट क्लेअर यांची. नटाच्या संस्थेकडे देण्यासारखं काय असतं? पैसा नसतो. तिच्याकडे एक तर कथेचे हक्क असतात, नाहीतर स्टुडिओचा दरवाजा उघडायला लावणारं नाव असतं. ज्या स्टुडिओला पुढच्या बॉण्डपटासाठी आपण हवे आहोत, त्याच स्टुडिओकडे आपला चित्रपट घेऊन जायचा, हा त्याचा हिशेब मला फार आवडतो. नाव ओसरल्यावर हाच माणूस गेला असता तर त्याला नीट ऐकूनही घेतलं नसतं.

तरी संस्थेचा मला सर्वांत आवडणारा चित्रपट 2002 चा 'एव्हलिन' आहे. त्याच वर्षी 'डाय अनदर डे' हा त्याचा चौथा आणि शेवटचा बॉण्डपट आला. जगभर 40 कोटी डॉलरच्या वर कमाई, बर्फाचा महाल, अदृश्य होणारी गाडी. आणि दुसरीकडे हा छोटा चित्रपट. डब्लिनचा डेझमंड डॉइल, 1953 साली बायको घर सोडून गेलेली, हातात पैसा नाही. सरकारी व्यवस्था त्याची मुलं काढून चर्चच्या संस्थांमध्ये घालते, आणि आईच्या संमतीशिवाय ती परत मिळणार नाहीत असं सांगते. तो कोर्टात गेला आणि 1955 मध्ये आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. ही खरी घडलेली गोष्ट आहे. ज्याचा स्वतःचा बाप निघून गेला, तो नट मुलांसाठी राज्यव्यवस्थेशी भांडणाऱ्या बापाची भूमिका करतो. कुठल्याही स्टुडिओने बॉण्डला ही भूमिका आपणहून दिली नसती. स्वतःची संस्था कशाला असते, याचं माझ्या मते हे खरं उत्तर आहे. बाजार जी भूमिका तुमच्यापुढे कधीच आणणार नाही, ती उभी करायला.

2004 मध्ये पाचव्या बॉण्डपटाच्या वाटाघाटी फिसकटल्या. बहामामध्ये दुसऱ्या एका चित्रपटाचं शूटिंग चालू असताना फोनवर आपल्याला कळवण्यात आलं, असं ब्रॉस्ननने नंतर अनेकदा सांगितलं आहे. करार संपला की वाटाघाट नव्याने असते, आणि तिथे चार चित्रपटांची पुण्याई कामी येईलच असं नाही. पण 1986 आणि 2004 यांत मोठा फरक होता. या वेळी त्याच्या हाताशी स्वतःची संस्था होती, आणि त्या संस्थेच्या टेबलावर एक पटकथा होती.

ती तिथे कशी आली हेही सांगण्यासारखं आहे. 'थॉमस क्राउन'चा पुढचा भाग काढायचा विचार कित्येक वर्षं चालू होता. तो आजतागायत झाला नाही. पण त्यासाठी लेखक शोधताना रिचर्ड शेपर्डची एक पटकथा नमुना म्हणून संस्थेकडे आली. शेपर्ड ती स्वतःच कमी खर्चात करायच्या विचारात होता. ब्रॉस्ननने वाचली आणि हीच करायची ठरवली. तोच 'द मॅटाडोर', 2005 च्या अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. यात तो ज्युलियन नोबल आहे. भाडोत्री मारेकरी, थकलेला, दारुडा, वाह्यात बोलणारा, ज्याला आपल्या वाढदिवशी फोन करायलाही कोणी नाही. त्यातला एक प्रसंग जरूर पाहा. मेक्सिको सिटीतल्या हॉटेलची लॉबी, आणि हा माणूस फक्त अंडरवेअर आणि बूट घालून, हातात बिअर घेऊन, सगळ्यांसमोरून सरळ चालत जातो. सुटलेलं पोट, मिशी, गळ्यात साखळी. बॉण्डची चाल तीच आहे, पण वरून बॉण्डचं सगळं काढून घेतलं आहे. अभिनेता म्हणून आपल्या प्रतिमेशी इतक्या धीटपणे खेळताना मी फार कमी तारे पाहिले. या भूमिकेसाठी त्याला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं. परक्या निर्मात्याने त्याला ही भूमिका देऊ केली असती का, आणि त्याने ती परक्याच्या हाती स्वतःला सोपवून केली असती का? मला दोन्हीची शंका आहे.

सगळं सोन्याचं झालं असं नाही. 2004 चा 'लॉज ऑफ अट्रॅक्शन', ज्युलिअ‍ॅन मूर नायिका, बेताचा निघाला. 2009 चा 'द ग्रेटेस्ट' सुझन सॅरन्डन आणि तेव्हा नवी असलेली कॅरी मलिगन असूनही फार लोकांपर्यंत पोहोचला नाही, जरी मुलगा गमावलेल्या बापाचं त्याचं काम मनापासूनचं आहे. 2014 चा 'द नोव्हेंबर मॅन' हा हेरपट संस्थेने कित्येक वर्षं मनात धरून ठेवला होता. प्रदर्शनाआधीच पुढच्या भागाची घोषणा झाली, आणि तो भाग कधीच आला नाही. अशा घोषणा करू नयेत. वितरकांना उत्साह दिसतो, पण चित्रपट पडला की तीच बातमी तुमच्याविरुद्ध वाचली जाते.

या सगळ्या काळात त्याचं पोट संस्थेवर नव्हतं, हेही नीट पाहा. 2008 चा 'मामा मिया', ज्यात त्याच्या गाण्याची यथेच्छ टिंगल झाली आणि तरीही चित्रपटाने 60 कोटी डॉलरच्या वर कमावले, त्याच्या संस्थेचा नव्हता. 2010 चा 'द घोस्ट रायटर', ज्यात तो माजी ब्रिटिश पंतप्रधान आहे, तोही नव्हता. तो नट म्हणून मानधनावर काम करत राहिला आणि संस्था बाजूला चालत राहिली. 2025 मध्येही 'मॉबलँड' मालिकेत आयरिश टोळीप्रमुख आणि 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये निवृत्त कामगार नेता, असं मानधनावरचंच काम सत्तरी ओलांडल्यावर जोरात चालू आहे.

आता एक प्रकरण जे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर घडलं. ऑक्टोबर 2016 मध्ये एका सकाळी आपल्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर ब्रॉस्नन 'पान बहार'चा डबा हातात घेऊन उभा होता. देशभर थट्टा झाली. नंतर त्याने जाहीर निवेदन दिलं. आपल्याला धक्का बसला असून उत्पादन श्वास ताजा करणारं आणि दात पांढरे करणारं आहे असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, करारात तंबाखू, सुपारी किंवा अपायकारक घटक नसतील असं होतं, आणि आपलं छायाचित्र सगळीकडून काढावं, असं त्यात होतं. कंपनीचं म्हणणं असं की आपल्या उत्पादनात तंबाखू आणि निकोटीन नाही. 2018 मध्ये दिल्ली सरकारच्या आरोग्य विभागाच्या नोटिशीलाही ब्रॉस्ननने आपली दिशाभूल झाली असंच उत्तर दिलं.

मला यात थट्टा करण्यासारखं काही दिसत नाही. या माणसाची पत्नी कर्करोगाने गेली, आणि 2013 मध्ये मुलगी शार्लटही त्याच आजाराने गेली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. तंबाखू नसली तरी सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच नोंदवलं आहे. परळच्या टाटा रुग्णालयाच्या दारात उभं राहिलं की तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण दिसतात. आपल्या मराठी कलाकारांनाही अशा जाहिराती येतात, 'वेलची' आणि 'माउथ फ्रेशनर' या नावांनी येतात, आणि मालिकेच्या दोन महिन्यांच्या मानधनाएवढे पैसे दोन दिवसांत देतात. करारात 'उत्पादन' या शब्दाची व्याख्या घटकांच्या यादीसकट मागा. त्याच नावाचं दुसरं काही विकलं जातं का ते आधी स्वतः दुकानात जाऊन पाहा. अंतिम जाहिरात तुमच्या लेखी मंजुरीशिवाय जाणार नाही, हे घाला. छायाचित्र किती काळ, कोणत्या माध्यमात आणि कोणत्या वस्तूवर, हेही घाला. हे मोठ्या मॅनेजरांच्या फौजा असलेल्या माणसाच्या हातून निसटलं, तुमच्या-आमच्या हातून सहज निसटेल.

राहिला संस्थेचा प्रश्न. काढा, पण ब्यू सेंट क्लेअर शोधल्याशिवाय काढू नका. या सगळ्या गोष्टीत तिचं नाव कुणी घेत नाही, म्हणून मी मुद्दाम घेतो. नट बाराही महिने सेटवर असतो. पटकथा वाचणं, लेखकाचे पैसे वेळेवर देणं, कादंबरीच्या हक्कांची मुदत संपण्याआधी नूतनीकरण करणं, वितरकांच्या मागे लागणं, हे रोज करणारं माणूस कार्यालयात बसलेलं लागतं, आणि ते भागीदार असावं, पगारी नव्हे. 2016 मध्ये ती गेली. वीस वर्षं ती त्या संस्थेचा कणा होती. मोठी नावं असलेल्या आपल्या कितीतरी मराठी कलाकारांच्या संस्था पहिल्या चित्रपटानंतर थांबतात, आणि बहुतेक वेळा कारण हेच असतं की नावापलीकडे रोजचं काम करणारं कुणी नसतं.

तेव्हा क्रम असा ठेवा. या आठवड्यात वकिलाकडून ते कलम वाचून घ्या आणि तुम्ही खरोखर मोकळे होण्याची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेआधी कुठलाही चित्रपट जाहीर करू नका. मालिका चालू असताना, म्हणजे लोक फोन उचलतात तोवर, भागीदार शोधा आणि एखाद्या कथेचे हक्क लेखी, योग्य पैसे देऊन घ्या. तुमच्या करारात स्वतःच्या निर्मितीवरही बंधन आहे का, ते त्याच वकिलाला विचारा. अनेक करारांत ते असतं. पहिला चित्रपट छोटा करा, आणि नायकाची भूमिका दुसऱ्याला जास्त शोभत असेल तर त्याला द्या.